गाठीचं वय

"ही मानेतली गाठ कधीपासून आहे?" डॉक्टरांनी बिरूला विचारलं, आणि बिरूनं तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"महिना झाला असंल."

तसा बिरूला तोंड उघडायला वेळच लागायचा. गुटख्यानं त्याचा जबडा आखडला होता, दोन बोटं आत जायची नाहीत. डाव्या गालाला आतून जखम होती, ती दसऱ्यापासून भरत नव्हती. तिचा तुकडा काढून तपासला होता आणि कॅन्सर निघाला होता. अठ्ठावीस वर्षांचा माझा एकुलता एक लेक, दोन काखांत दोन मेंढरं धरून पिकअपमध्ये चढवणारा, तो त्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता. मी त्याच्या एका अंगाला, सून वैजंता दुसऱ्या अंगाला. दाराशी तिचा बाप, यशवंत पुकळे, माझे व्याही. त्यांच्याच ओळखीनं जिल्ह्याच्या गावी त्या दवाखान्यात आमचा नंबर लागला होता.

डॉक्टरांनी बिरूची मान पुन्हा चाचपली. "एकच महिना? नक्की? तोंडाच्या जखमेच्या आधी नव्हती?"

"नव्हती. आई हाय मी त्येची. माझ्या नजरेतनं कायबी सुटत न्हाई."

"आत्या, पर..." वैजंता म्हणाली.

"तू गप. मोठी माणसं बोलत्यात न्हवं?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "बोला की ताई. काय म्हणत होता?"

तिनं बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर सारखा केला. "काय न्हाई," म्हणाली.

बिरू खालच्या फरशीकडं बघत होता.

"मला ही गाठ जरा वेगळी लागतेय," डॉक्टर म्हणाले. "तोंडाच्या कॅन्सरच्या गाठी जबड्याखाली, मानेच्या कडेला येतात. कडेला दोन-तीन आहेत, पण ही मोठी पार खाली, गळ्यापाशी आहे. सुई घालून तपासून घेऊ. दोन मिनिटांचं काम आहे."

"सुई न्हाई."

"अहो, बारीक सुई असते."

"माझ्या नणंदंच्या छातीत अशीच बारीक सुई घातली हुती. पंधरा दिसांत गाठ नारळाएवढी झाली आन महिन्यात बाई गेली. सुई लागली की ते चवताळतं. तोंडाचा तुकडा काडलाय तेवढा बास झाला."

"सुईनं काही होत नाही, मावशी. तुमच्या नणंदेला आणलंच उशिरा असेल."

"तुमी शिकल्याली माणसं, डॉक्टर. पर मेल्याली माणसं आमच्या घरातली हैत."

बाहेर चाळीस माणसं बसली होती. शिपाई दोनदा दार उघडून डोकावून गेला. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "हे बघा, ही गाठ आधीपासूनची असती तर मी सुई घातल्याशिवाय तुम्हाला उठूच दिलं नसतं. पण तोंडाच्या जखमेनंतर आलीय म्हणताय, म्हणजे हे तिचंच पिल्लू. छातीचा फोटो काढून आणा, मग बघू."

कागदावर त्यांनी इंग्रजीत बरंच काही लिहिलं. मी तिसरी शिकलेली. मला एसटीची पाटी वाचता येते, सही करता येते. ते काय लिहीत होते ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यावं असं वाटलंही नाही.

तिसऱ्या दिवशी फोटो बघून त्यांनी आम्हाला आत बोलावलं. दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक ठिपके होते. काचेवर फोटो लावून त्यांनी बोटानं दाखवले. जमिनीवर बाजरी सांडावी तसे दिसत होते.

"तोंडातून मानेत आणि मानेतून फुप्फुसात," ते म्हणाले. "आता तोंडाचं ऑपरेशन करून काही हाती लागायचं नाही. अर्धा जबडा काढायचा, आणि छातीत हे असंच राहणार. औषधं देता येतील. महिने वाढतील थोडे."

"किती?"

"चार. फार तर सहा."

वैजंतानं तोंडात पदर कोंबला. यशवंतराव भिंतीला हात लावून उभे राहिले. मी उभीच होते. कुणासमोर बसायची मला सवय नाही.

"कापायचं न्हाई, बरं व्हायचं न्हाई," मी म्हटलं, "मग हितं कशापायी ठिवायचं? न्हेते मी माझं पोरगं घरी."

येताना यशवंतराव पिकअप चालवत होते. घाटाखाली ते चहाला उतरले तेव्हा गाडीत आम्ही तिघंच उरलो. बिरू हळूच म्हणाला, "आये, गाठ जुनी हाय की गं."

"मग?"

"डॉक्टरनं दोनदा इचारलं."

"कॅन्सर त्यो कॅन्सर. गाठ जुनी आन नवी, काय फरक पडतोय? तेवढ्यासाठी सासऱ्यापुढं उघडा पडनार हुतास व्हय?"

त्यानं तोंड काचेकडं फिरवलं. लहानपणापासून मी बोलले की तो गप्प बसायचा. लोक म्हणायचे, हौसाबाईनं पोरगं कसं वळणात ठेवलंय.

गाठ महिन्याची नव्हती. बारा वर्षांची होती.

बिरू सोळा वर्षांचा असताना एकदा मेंढ्या कातरत होता. घामेजला म्हणून तांब्या वर करून पाणी प्यायला लागला, तर त्याच्या गळ्यात बोराएवढं काहीतरी घोटाबरोबर वर गेलं आणि खाली आलं. मी जवळ जाऊन चाचपलं. गावातला डॉक्टर म्हणाला, गलगंड आहे, मीठ बदला. मीठ बदललं. बोराचा आवळा झाला, पण दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, म्हणून आम्ही ते विसरलो.

विसरलो नाही ते सोयरीक जुळवायला निघालेले लोक. तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही ठिकाणी पोराच्या गळ्यापाशी येऊन अडली. तिसऱ्या ठिकाणची एक म्हातारी तर भर अंगणात म्हणाली, "बाई, मेंढरू घेताना सुदिक आमी नरडं चाचपून घेतो." ते मला लागलं. आटपाडीच्या बाजारात मेंढराचा दात बघून त्याचं वय सांगणारी मी. माझ्या हातचं जनावर कधी कुणी परत आणलं नाही. आणि ही बाई माझ्याच पोराला खोडीचं मेंढरू म्हणते?

पुकळ्यांचं बोलणं आलं तेव्हा मी बिरूच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गळ्यात टॉवेल टाकला. पौष महिना होता, कुणाला खटकलं नाही. पण सुपारी फोडायच्या वेळी यशवंतराव म्हणालेच, "ईनबाई, राग मानू नगा. पोराच्या गळ्याला कायतरी हाय असं कानावं आलंय."

बैठकीत पंचवीस माणसं होती. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी उठले, देवाच्या कोनाड्यातल्या वाटीतली मूठभर हळद घेतली आणि मूठ कपाळाला लावली. "ह्यो बिरोबाचा भंडारा. माझ्या लेकाच्या अंगावं कसली खोड असंल तर बिरोबा मला बगून घील."

आमच्यात भंडारा उचलला की बोलणं संपतं. मग कुणी पुढं विचारत नाही, विचारणं हाच अपमान. यशवंतरावांनी हात जोडले. सुपारी फुटली. कोर्टात खोटं बोलून सुटलेली माणसं आमच्या वाडीत होती, पण भंडाऱ्यावर खोटं बोललेलं कुणी नव्हतं. पहिली मी.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी वैजंताला चुलीपाशी बसवून सांगितलं, "नवऱ्याच्या अंगावं काय हाय, काय न्हाई, ते म्हायेरी बोलायचं नसतं. बोललीस तर त्वाच परत जायाचं, गाठीनं न्हाई."

तिनं मान डोलावली. पोरगी सरळ होती.

म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, मागं दारात यशवंतराव उभे असताना, माझ्या तोंडातून महिना आला. गाठ लग्नानंतर आली असेल तर माझा भंडारा खरा होता. देवाची भीती मला वाटली असं सांगितलं तर तेही खोटंच होईल. मला बाजारातल्या बायकांची भीती होती. हौसाबाईनं भंडाऱ्यावर नासकं मेंढरू खपवलं, हे एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर चार महिने गेले. बिरूला छातीचा काहीच त्रास झाला नाही. संक्रांतीला तो बाजाराला गेला, होळीला त्यानं लाकडं फोडली. तोंडाची जखम मात्र पसरत होती. आधी भाकरी बंद झाली, मग भात, मग नुसती पेज. एका माणसानं पाला दिला, तो वाटून मी गालावर बाहेरून बांधायचे. वास यायला लागला तसा तो जेवताना पाठ करून बसायचा.

वैजंता एकदा माझ्यामागं पाण्याला आली. हंडा खाली ठेवून म्हणाली, "आत्या, छातीत गेलंय म्हनत्यात, पर त्येंना खोकला बी न्हाई. टेकडी चडत्यात, धाप बी लागत न्हाई."

"तू कवापासून डॉक्टर झालीस?"

"दुसऱ्या डॉक्टरला दावूया एकदा. त्येला गाठ कवापासून हाय ते नीट सांगू."

"आन काय व्हईल? बारा वर्साचा कॅन्सर म्हनून जास्ती जगवंल व्हय त्यो?"

ती गप्प राहिली नाही. पहिल्यांदाच. "मला म्हाईत न्हाई. तुमाला तरी कुटं म्हाईत हाय?"

मी हंडा उचलून चालायला लागले. मागून तिच्या रडण्याचा आवाज आला, तरी मी वळले नाही. पोटचं पोरगं माझं होतं. रडायचा पहिला मान माझा, आणि मी तर रडत नव्हते.

वैशाखात एका सकाळी बिरूच्या गालाला बाहेरून भोक पडलं आणि रक्त सुरू झालं. उशी भिजली, गादी भिजली. वैजंतानं मला न विचारता बापाला फोन लावला. यशवंतराव दोन तासांत जीप घेऊन आले आणि त्यांनीही मला विचारलं नाही. बिरूच्या डोक्याखाली हात घालून उचलताना एवढंच म्हणाले, "बसा मागं, ईनबाई."

हा दवाखाना वेगळा होता, लांब, मोठा. तिथं एक डॉक्टरीण होती, वैजंतापेक्षा फार मोठी नसेल. आधी तिनं रक्त थांबवलं, नाकातून नळी घातली. दुसऱ्या दिवशी बिरूच्या मानेवर बोटं ठेवून म्हणाली, "थुंकी गिळा बघू. दुखेल, पण एकदा गिळा."

बिरूनं डोळे मिटून गिळलं. तिच्या बोटांखाली गाठ वर गेली, खाली आली.

"ही तोंडाची गाठ नाही वाटत," ती म्हणाली. "सुई घालते."

"सुई न्हाई," मी म्हटलं.

"घाला सुई." हे वैजंता म्हणाली. माझ्याकडं न बघता. "मी त्येंची बायको हाय. कुटं सही करायची ते सांगा."

तिनं सही केली. सातवी शिकलेली होती, अक्षर गोल होतं. सुई आत गेली आणि बाहेर आली. मी बघत राहिले की गाठ आता फुगेल, आता फुगेल. काही झालं नाही. कापसाचा बोळा लावला आणि संपलं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. मी, वैजंता, यशवंतराव. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले होते.

"हा तोंडाचा रिपोर्ट, तुमच्याजवळ जुना होता तोच. हा मानेतल्या गाठीचा, कालचा," ती म्हणाली. "नीट ऐका. हे दोन वेगळे कॅन्सर आहेत. एक तोंडाचा, गुटख्याचा. दुसरा थायरॉईडचा, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही."

"येका मानसाला दोन?" यशवंतरावांनी विचारलं.

"होतं. क्वचित होतं, पण होतं."

"आन छातीतलं?"

"छातीतलं थायरॉईडचं. मानेच्या कडेच्या गाठी पण त्याच्याच. तोंडाचा कॅन्सर छातीत गेलेलाच नाही. थायरॉईडचा हा प्रकार फार हळू चालतो. छातीत जाऊनसुद्धा माणसं वीस-वीस वर्षं जगतात, कामं करतात. गाठ काढायची, मग पाण्यासारखं एक औषध प्यायचं, चार दिवस एकटं एका खोलीत राहायचं."

वैजंताच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मी तो पाहिला. मला वाटतं त्या उजेडाएवढं वाईट मी आयुष्यात काही पाहिलं नाही, कारण डॉक्टरीणबाई तिच्याकडं बघत नव्हती. ती कागद उलटत होती.

"म्हंजे बरं व्हत्याल?" वैजंता म्हणाली.

"थायरॉईडचं म्हणतेय मी, ताई." ती थांबली. "तोंडाचा कॅन्सर डिसेंबरमध्ये दोन सेंटिमीटरचा होता. एवढा. फक्त गालात. तेव्हा कापून निघाला असता. छातीत गेलाय असं धरलं म्हणून कापला नाही. आता तो जबड्यात आहे, कातडीबाहेर आहे, आणि मागं मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीला गुंडाळलाय. तिथं आता कुणाला सुरी लावता येणार नाही."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नाव पुकारत होतं.

मग तिनं आमच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला पहिल्या डॉक्टरांचा मार्गशीर्षातला कागद काढला आणि मराठीत वाचायला लागली. "'गळ्यातील गाठ वेगळी असण्याची शंका. परंतु गाठ एक महिन्यापासून, तोंडाच्या जखमेनंतर आलेली, आईच्या सांगण्यावरून. सुईच्या तपासणीला आईचा नकार.'" तिनं वर पाहिलं. "आई म्हणजे तुम्ही?"

"मी."

"सुईला नको का म्हणालात?"

मी नणंदेचं सांगितलं. ती ऐकत होती. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, येक इचारू? सुई घातली की गाठ किती वर्साची हाय ते कळतं का?"

"म्हणजे?"

"मेंढराचं वय दातावं कळतं. तसं गाठीचं सुईत कळतं का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं कळलं असावं. आवाज चढवला नाही तिनं. "नाही, मावशी. सुईत गाठ कसली आहे ते कळतं. कधीपासून आहे ते माणसांनीच सांगायचं असतं." मग पेन उचलून म्हणाली, "किती वर्षं होती?"

माझ्या डाव्या हाताला यशवंतराव बसले होते. त्यांचा गुडघा माझ्या लुगड्याला लागत होता एवढे जवळ.

"बारा," मी म्हटलं.

तिनं लिहून घेतलं. मी वाट बघत होते. यशवंतराव उठतील, चार शिव्या घालतील, भंडाऱ्याची आठवण काढतील, पोरीचा हात धरून निघतील. मला ते हवं होतं. कुणीतरी मला तोंडावर काहीतरी म्हणायला हवं होतं.

ते म्हणाले, "ठावं हुतं मला."

मला आधी नीट ऐकू आलं नाही.

"वैजंतानं पयल्याच म्हैन्यात तिच्या आयला सांगितलं हुतं. मी म्हनलं, असू दे. गाठीनं काय मेंढरं राखायची थांबत्यात का? पोरगं चांगलं हाय, पोरीला जपतंय. सुपारीच्या आदी कळलं असतं तरी मी दिलीच असती पोरगी."

"मग तवा..." मी त्यांच्याकडं वळले. "त्या डॉक्टरपुढं का बोलला न्हाईसा?"

"कसा बोलू?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुमी भंडारा उचललेलं माणूस. परक्या मुलखात, परक्या मानसापुढं तुमाला खोटं पाडू? मला वाटलं, न्हाई बोलायचं. तुमचा मान ऱ्हाऊ दे म्हनलं." त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली. "त्या गाठीत येवडं आसतं हे मला काय म्हाईत?"

डॉक्टरीणबाई उठून खिडकीपाशी गेली. मला वाटतं तिला आमची तोंडं बघवली नाहीत.

बाहेर व्हरांड्यात वैजंता माझ्या मागं आली. भिंतीला टेकून खाली बसली. "मीच बोलाया पायजे हुतं आत्या, त्या दिशी. डॉक्टर मला इचारत हुता."

"मी बोलू दिलं असतं व्हय तुला?" मी म्हटलं.

तिनं मान हलवली, नाही म्हणून. तिच्या बाजूनं मी आयुष्यात एवढंच बोलले.

वॉर्डात बिरू उशांना टेकून बसला होता. एका गालावर पट्टी, नाकात नळी. त्याचे शब्द लाळेबरोबर सांडत यायचे, परक्याला कळले नसते. मला कळायचे.

"काय म्हनली डॉक्टरीण?"

"दोन रोग हैत म्हनली. येगळं येगळं. गळ्याचा येगळा, तोंडाचा येगळा."

"आन छातीतलं?"

"त्ये गळ्याचं. त्येला औषद हाय."

तो चादरीच्या काठावरून बोट फिरवत होता. लहानपणीही अडलं की असंच करायचा.

"म्हंजे तोंडाचं छातीत गेलंच न्हवतं."

"न्हाई."

"मग तवा आपून घरी का आलो, आये?"

डॉक्टर चुकला, एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. त्यानं लगेच मानले असते. वैजंता दारात उभी होती, तिनंही तोंड उघडलं नसतं. यशवंतरावांनी तर नाहीच. पुन्हा एकदा सगळ्यांनी मिळून माझा मान राखला असता.

मी त्याला सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, सगळं. भंडारा, महिना, सुई. सुईत गाठीचं वय कळेल अशी भीती वाटली ते. त्याच्या सासऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं ते.

त्यानं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं नाही, राग आला नाही. मग त्यानं हात वर करून दारातल्या वैजंताला खूण केली, ओठ ओले करायला पाणी दे म्हणून. पाण्याचा पेला माझ्या हाताशी होता.

त्यानंतर तो एकेचाळीस दिवस होता. नळीतून दूध मीच घालत होते, जखम मीच पुसत होते. त्यानं कधी माझा हात झिडकारला नाही. शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, असं मी आल्यागेल्याला सांगते. नऊ वर्षं तेच सांगत आलेय.

येत होतं. वैजंताशी बोलायचा.